नाव घ्यायचं राहिलं

ऑगस्टचा दुसरा आठवडा, मंगळवार. पट पंधरा, हजर चौदा, गैरहजर एक. शाळेत मोठी माणसं दोन: कोळपे गुरुजी आणि शिकवायला शिकण्यासाठी आलेला मी. दुपारी अडीचनंतर मोठं माणूस एकच, मी. एकोणीस वर्षांत हा तपशील मी कुठे लिहिला नाही. गुरुजी गेल्या हिवाळ्यात गेले, म्हणून आता लिहितो आहे.

एम.कॉम. झाल्यावर मी तीन वर्षं दूध संकलन केंद्रात लिटर आणि फॅट लिहीत होतो. मग लग्न झालं, मुलगी झाली आणि प्राथमिक शिक्षक व्हायचं ठरवून मी दोन वर्षांच्या डी.एड.ला गेलो. वर्गातली बाकीची मुलं बारावी होऊन आलेली, मी अठ्ठावीस वर्षांचा. दुसऱ्या वर्षी काही महिने प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवायचं असतं. त्यासाठी मला तळेघरच्या पुढे पाऊण तास चालून लागणाऱ्या एका वाडीची शाळा मिळाली. एक वर्ग, खिचडीचा तांदूळ ठेवायची एक मागची खोली, वर पत्रा. दोन शिक्षकांची शाळा, पण एक जागा रिकामी. शेवटी मार्गदर्शक शिक्षकाने चांगला शेरा लिहून सही केली, तरच माझं प्रशिक्षण पुरं होणार होतं.

कोळपे गुरुजी मूळचे पिंपळवंडीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. चौथीपर्यंतची शाळा त्यांनी मेंढरांच्या वाड्याबरोबर फिरत फिरतच केलेली. अंगाने उंच, वाळक्या काठीसारखे. पावसाळ्यात छत्री नाही, डोक्यावरून घोंगडीची खोळ. पहिल्या दिवशी माझे कागद बघून म्हणाले, "एम.कॉम. होऊन बाराखडी शिकवाया आला व्हय? बरं झालं. आता बाराखडी तोट्यात जायाची न्हाय." तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी एमकॉम. मुलांसाठी मी सर आणि ते गुरुजी.

शाळा सोडायची त्यांची एक रीत होती. घंटा झाली की ते दारात उभे राहायचे. एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचे, नाव घ्यायचे, कुठल्या वाटेने आणि कोणाबरोबर जाणार ते बोलायचे आणि मग सोडायचे. "तानाजी, वरल्या वाटेनं, चिमीचा हात धरून." "सुगंधा, ओढ्याकडनं, शेजारच्या पोरांबरोबर." आपलं नाव घेतल्याशिवाय कोणी हलायचं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटं लागायची. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, मोजून सोडलं तर दहा सेकंदांत होईल." ते हसले. "मोजतो तो यापारी, राव. धनगर वळखतो."

माझा पहिला पाठ बेरजेचा होता. चिंचोके, तक्ते, टाचण, फळ्यावर तारीख, सगळं तयार. पस्तीस मिनिटांचा पाठ बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला संपवला. गुरुजी मागे बसले होते. म्हणाले, "पाठ झाक झाला. समदं जागेवर व्हतं. फकस्त पोरं नव्हती."

"होती की गुरुजी. चौदा होती."

"सुगंधानं चिंचोके एकाच हातानं लावले. दुसरा हात फ्रॉकात का धरला व्हता?"

मी बघितलंच नव्हतं. दुसरीतली मुलगी, बोलायची कमी. सकाळी चुलीवरचं पातेलं उतरवताना तिची बोटं भाजली होती. गुरुजींनी शेरा लिहिला, "पाठ उत्तम, निरीक्षण वाढवावे." मला राग आला. निरीक्षणाला दहापैकी किती, हेही त्यांनी लिहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळपासून धो धो चालू होतं. पट पंधरा, हजर चौदा. पंधरावी मुलगी चार दिवस शाळेत आली नव्हती. खिचडी झाल्यावर गुरुजींनी खोळ घेतली. "वरल्या पाड्यावर जाऊन बघून येतो. मला उशीर झाला तर तू सोड. पर एकेकाचं नाव घिऊन. ऐकलं का, एमकॉम?"

मी हो म्हणालो.

चार वाजता पाऊस आणखी वाढला. पत्र्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. ओढ्याला पाणी चढायच्या आत मुलं घरी गेलेली बरी, म्हणून मी लवकर सोडली. सगळी दाराशी दाटली होती, पोत्यांच्या खोळी घालून, तोंडं झाकलेली. नावं घ्यायला सात मिनिटं लागली असती. मी बोटाने मोजलं. चौदा. बरोबर. सोडून दिली. तांदळाच्या खोलीचं दार उघडं होतं, ते लावलं, कडी घातली, कुलूप लावलं. वर्गाला कुलूप लावलं. वाडीत माझी राहायची खोली होती, तिकडे निघालो.

सव्वापाचला खोलीतून बाहेर पडलो, तर पाराजवळ गुरुजी भेटले. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर काठी.

"गेली का समदी?"

"गेली. चौदा."

"चौदा कोन?"

मला हसू आलं. तरी मी नावं सांगायला लागलो, बोटं मुडपत. बारा झाली. "आणि तानाजी, तेरा. आणि त्याच्या हाताला धरून..."

माझं बोट तिथेच राहिलं. तानाजीच्या हाताला धरून गेली ती चिमी. चार वर्षांची, अंगणवाडीतली. अंगणवाडी सुटली की भावाजवळ येऊन बसायची. तिचं नाव माझ्या पटावर नव्हतं. आकडा भरला होता, आणि आकड्यातलं एक मूल दुसरंच होतं.

"सुगंधा," गुरुजी म्हणाले.

आम्ही पळालो. कुलूप माझ्या हातून उघडेना, किल्ली त्यांनी घेतली. तांदळाच्या खोलीत ती दाराला चिकटून बसली होती. अंगात ताप होता म्हणून दुपारी पोत्यांमागे जाऊन निजली होती आणि दार लागल्यावर जागी झाली होती. एक तास पाच मिनिटं तिने दार वाजवलं होतं. पाऊस आणि पत्रा, कोणाला ऐकू जाणार? दोन्ही तळवे लाल झाले होते, भाजलेल्या बोटांची कातडी गेली होती. आवाज पूर्ण बसला होता. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

गुरुजींनी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि घरी नेलं. मी मागे, रिकाम्या हातांनी. तिच्या बापाने तिचे तळवे बघितले आणि एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडनं?"

"हां. माझ्याकडनं," गुरुजी म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. हातभर अंतरावर. मी काही बोललो नाही.

वाडीतून तक्रार गेली, साहेब चौकशीला आले. गुरुजींनी लिहून दिलं, "शाळा मी सोडली. खोली न तपासता कुलूप लावले." सही केली. साहेबांनी मुलांना काही विचारलं नाही. मी बाहेर पायरीवर बसून होतो. डोक्यात माझी मुलगी, सोडलेली नोकरी, उरलेले चार महिने. साहेब गेल्यावर मी विचारलं, "गुरुजी, असं का केलंत?"

"तू अजून शिकतूयास. शिकणाऱ्याची चूक शिकवणाऱ्याच्या नावावर मांडायची आसती." मग म्हणाले, "पर फेडावी लागंल. मला नगं. जिला लागलं, तिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू काढून तांदळाच्या खोलीचं दार चौकटीतून उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. माझा शेरा त्यांनी चांगला लिहिला. मी पहिल्या वर्गात पास झालो. जूनमध्ये त्या तक्रारीवरून त्यांची बदली झाली, हायवेलगतच्या एका मोठ्या शाळेत. पट दोनशे सात. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ते मैदानात रांगा मोजत होते. मला बघून म्हणाले, "बघ एमकॉम, यापारी झालो."

पुढे मला आळे गावाजवळच्या वस्तीवर नोकरी लागली. गुरुजींचा फोन यायचा. बाकी बोलणं झालं की विचारायचे, "फेडलं का?" मी म्हणायचो, "नाही अजून." काही वर्षांनी त्यांनी विचारणं बंद केलं. ते मला विचारण्यापेक्षा जड गेलं. रोज शाळेला कुलूप लावल्यावर मी प्रत्येक दाराला कान लावतो. घरीसुद्धा. बायको म्हणते, "अहो, आत कोणी नाही." मला ठाऊक असतं. तरी पावसात पत्रा वाजायला लागला की त्यामागे हात आपटल्याचा आवाज येतो आणि मी कुलूप पुन्हा उघडून आत बघतो.

गुरुजींच्या दशक्रियेला पिंपळवंडीला नदीकाठी बरीच माणसं होती. भाषणं चालू होती. माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली, हाताला पाच-सहा वर्षांची मुलगी. "सर ना तुमी? वळखलं का? मी सुगंधा." सात वर्षांपूर्वी लग्न होऊन आळ्यात आली होती. माझ्या शाळेपासून दीड किलोमीटर.

गुरुजींबद्दल बोलायला लागली. "लई चांगलं माणूस. त्यांनी मला कोंडलं व्हतं, तेवढं एक सोडा. बदली झाली तरी दर संक्रांतीला वाडीत यायचे. तिळगूळ द्यायचे आन म्हणायचे, 'पोरी, त्या दिशी तुझं नाव घ्यायचं राहिलं.' माझं लगीन होईस्तवर आले."

मी मोजलं. बारा संक्रांती. बारा वेळा ते माझ्यासाठी तो डोंगर चढले होते आणि मला कधी सांगितलं नव्हतं.

"सुगंधा," मी म्हणालो, "गुरुजी त्या दिवशी शाळेत नव्हते. वरच्या पाड्यावर गेले होते. मुलं मी सोडली. नावं न घेता, मोजून. कुलूप मी लावलं."

माइकवर कोणीतरी गुरुजींच्या सेवेची वर्षं सांगत होतं.

"तुमी?"

"मी."

"आन मी आतनं गुरुजी, गुरुजी म्हणून वरडत व्हते," ती म्हणाली. "तुमाला हाकच मारली न्हाय मी."

मुलीचा हात धरून ती गर्दीत निघून गेली. काकस्पर्श झाल्यावर मी तिला शोधलं. दिसली नाही.

जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी, ती फाटकात उभी होती. मुलीचं नाव पहिलीत घालायला आली होती. जवळ दुसरी शाळाही आहे. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "म्हाईतीय मला. हितंच घाला."

आज माझ्या वर्गाचा पट एकवीस, हजर एकवीस. शाळा सोडायला मला अकरा मिनिटं लागतात. मुख्याध्यापिका बाई म्हणतात, "सर, आमची पोरं घरी पोचून जेवतात, तेव्हा तुमची निघतात." मी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतो, नाव घेतो, वाट सांगतो. एकटी चालत जाणारी आधी; तिची मुलगी एकविसावी, कारण तिला नेणारं माणूस फाटकातच असतं. सुगंधा माझ्याशी बोलत नाही. फाटकाच्या गजावर तळहात ठेवून ऐकत उभी असते.

"ओवी," मी म्हणतो. "डांबरी वाटेनं, आईबरोबर."

एवढं ऐकलं की ती गजावरचा हात काढून मुलीपुढे करते.