मुरमाची वाट

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. जमिनीवर बसून, हातांनी अंग रेटत ती सरकायची. तळहात सोलू नयेत म्हणून जुन्या टायरचे तुकडे हातांना बांधायची. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाला लागून. पाऊस लागला की अंगणात चिखल व्हायचा आणि बाईचा सगळा पावसाळा उंबऱ्याच्या आत जायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं. नवरा वीज केंद्रात होता, म्हणून मी ऊर्जानगरला आले. त्याच उन्हाळ्यात बाबांनी घरामागची वाडी बाईसाठी नव्याने बांधली. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत मुरूम टाकला, पाणी शिंपडून तो ठोकला आणि तिला वळता येईल एवढी रुंद वाट केली. दोन्ही बाजूंना वाफे केले, पण अरुंद. बसल्या जागेवरून हात पोचेल एवढेच. विहिरीजवळ जमिनीलगत टाकं बांधलं. ते आई सकाळी भरून ठेवायची. वालाचा मांडव इतका बुटका होता की शेंगा तोडायला आईला वाकावं लागायचं. शेजारी हसायचे.

"बसल्या मानसाचा मांडव हाय तो," बाबा म्हणायचे. "तुमी वाका."

पुढची काही वर्षं बाई पावसातही बाहेर असायची. वांगी, चवळी, अंबाडी, सगळं तिच्या हातचं. मी माहेरी गेले की ती आधी वाडी दाखवायची, मग पाणी विचारायची.

मग एका पावसाळ्यात बाबा हिवतापाने गेले.

शेत आमच्या मोठ्या भावाकडे, दादाकडे आलं. दादा वाईट माणूस नव्हता. पण धानाच्या कामात दमून आलेल्या त्याला वाडीत दिसायची ती वाया गेलेली जागा. पुढच्या हंगामाआधी त्याने बैल घातले आणि वाटेसकट सगळी वाडी नांगरून काढली. मांडवाचे बांबू उपटले. मी तेव्हा तिथेच होते. बाई मागच्या दारात बसली होती.

"दादा, माही वाट?"

"तू कायले जातं आता चिखलात? भाजी मी आनून देतो ना तुले."

हातांचे टायर सोडून बाईने भिंतीशी ठेवले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्याचं घर हाय आता, पोरी. आपन काय बोलावं?"

मी बाईला माझ्याकडे घेऊन आले. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं. नवऱ्याने आणि शेजाऱ्याने तिला खुर्चीत बसवून वर चढवलं, तेव्हा ती डोळे मिटून होती. गॅलरीत मी डब्यांत माती भरून दिली. तिने मेथी पेरली. उगवली, पण पानांवर रोज वीज केंद्राच्या धुराड्यांची राख बसायची. फडक्याने ती एकेक पान पुसत राहायची. खाली उतरायचं तर दोन माणसं लागायची, म्हणून ती कधी म्हणालीच नाही. हिवाळ्यात तिला खोकला लागला.

"मले गावी नेऊन दे," ती एक दिवस म्हणाली. "इथी मी टांगल्यावानी होऊन राह्यली."

दादानेच येऊन तिला नेलं. जाताना म्हणाला, दारापाशी थोडी जागा सोडतो. त्याने खरंच सोडली. उंबऱ्यावर बसून हात लांबवला तर जेमतेम पोचेल एवढी. पहिल्या वर्षी तिने तिथे अंबाडी लावल्याचं आई सांगत होती.

नंतरच्या उन्हाळ्यात मी गेले, तर माती कोरडी, भेगाळलेली. एक काडीही नव्हती. मी विचारलं, "काऊन वं बाई, काई लावलं नाई?"

"पानी कोन देईल?" ती म्हणाली. "सारे मोहफुलं वेचाले गेले. आईच्यानं आता बादली उचलत नाई."

मी विहिरीवर जाऊन बादली भरून आणली आणि त्या मातीवर ओतली. बाई बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "तू उद्या जाशीन."