आयन आणि जनवाड्याची मावशी

माझ्या मामाने माझ्या आईला फसवलं. तिच्या थोरल्या बहिणीला, औरादच्या अक्काला, मूल नव्हतं. मामा आईला म्हणाला, "पोरगं अक्काला दत्तक दे. तिला सोताचं लेकरू झालं की परत आणतो." दत्तक दिलेलं मूल परत येत नसतं, हे त्याला ठाऊक होतं. आईला नव्हतं.

पुढे अक्काला मुलगा झाला. आई मला न्यायला आली, तेव्हा मामाच दारात आडवा उभा राहिला. "दिलेलं दान माघारी घेत्यात व्हय?" तोवर मी अक्काला आई आणि आईला मावशी म्हणू लागलो होतो. मला तसंच शिकवलं होतं. गावात अशी गोष्ट लपत नाही. खरं काय ते मला लहानपणीच कळलं.

अक्काच्या घरातलं मी काही मागितलं नाही. बाजारात टॉर्चचे सेल विकायला बसलो. आता बॅटऱ्यांचं दुकान आहे. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही. मावशी मात्र जनवाड्याहून आठवडी बाजाराला बसने यायची आणि घासाघीस लावायची.

"जवळचं बिदर सोडून औरादला सेल घ्यायला आलीस? तिथं मिळत न्हाईत का, मावशी?"

"तिथले लबाड हाईत. तू कमी कर."

"परवडत न्हाई."

"कामून परवडत न्हाई? च्या सांग आधी, मग बोलू."

गिऱ्हाईकं खोळंबायची. मी चिडायचो, ओरडायचोही. पण सौदा लवकर मिटवायचो नाही. मिटला की ती उठायची.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या तोंडात पाणी घालायला मी माझ्या सख्ख्या भावांच्या मागे उभा राहिलो. मामा म्हणाला, "लेकांचं होऊ दे. तू पाव्हण्यांत थांब." प्रेतापुढे आवाज चढवायचा नसतो. मी पाहुण्यांत जाऊन थांबलो.

नव्या बॅटऱ्यांवर 'लिथियम आयन' छापलेलं असतं. आयन म्हणजे काय, हे परवा मुलीला विचारलं. ती बी.एस्सी.ला आहे.

"अप्पा, अणूतला इलेक्ट्रॉन गेला, न्हाईतर जास्तीचा आला, की त्याचा आयन होतो. मग तो दुसऱ्याकडं ओढला जातो." मोबाईल बघत ती पुढे म्हणाली, "ग्रीकांच्या पुराणातबी एक आयन हाय की. आईनं गुहेत सोडलेलं लेकरू. देवळात वाढलं. पुढं तीच आई लेकरू मागायला त्या देवळात येती. दोघं बोलत्यात, पर वळखत न्हाईत."

"मग?"

"लई भानगडी होत्यात. पर शेवटी वळखत्यात."

मी उठून शटरपाशी गेलो. त्या दोघांना माहीत नव्हतं. आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, तरी दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही सेलचा भाव करत राहिलो.

मामा अजून जनवाड्यात पारावर बसतो, लोकांची भांडणं मिटवतो. मामा, 'परत आणतो' हे शब्द तुमच्या तोंडचे. ती विचारून विचारून गेली, आता मी विचारतो. कामून आणलं न्हाईत? त्याच पारावर, सगळ्यांच्या समोर सांगा.