फोटोपुढची क्वार्टर

पिंपळगाव रेणुकाईत पिणारे सगळे एकाच रांगेत बसवले जातात. कोण काय पितो, किती पितो, कशासोबत पितो, एवढा विचार करायला गावाला सवड नसते. पितो म्हणजे बेवडा, संपला विषय. सांडू जिवंतपणी या रांगेत कधी बसला नाही. मेल्यावर गावानं त्याला ओढून बसवला.

सांडूनं उमेदीची वर्षं नाशिककडं एका वाईनच्या कारखान्यात टाक्या धुण्यात घालवली. तिथून तो दुखरे गुडघे आणि एक विद्या घेऊन परतला. दर फाल्गुनात जालन्याकडच्या एका द्राक्षबागेतून तो गळालेले, व्यापारी हातही लावत नाहीत असले मणी क्रेटभर आणायचा, परातीत हातानं चुरायचा आणि लोणच्याच्या बरणीत भरून वर धोतराचं फडकं बांधायचा. पहिल्या वर्षी बायको वच्छलाबाई फणफणली, "ह्या बरनीत आता लोनचं घालनार न्हाई मी." आषाढात त्यानं फुलपात्रात घोटभर दिली. तिनं आंबट तोंड केलं, आणि मग फुलपात्र पुन्हा पुढं केलं.

तेव्हापासून त्यांची संध्याकाळ ठरून गेली. ती चुलीपुढं भाकरी थापायची, तो बाजूला लसूण सोलत बसायचा, मधे दोन फुलपात्रं. एक त्याचं, एक तिचं, दुसऱ्यांदा भरायचं नाही. सोबत पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. "नुस्ती प्यायची न्हाई, घासासंगं प्यायची," सांडू दर वेळी बजावायचा, जसं काही ती विसरणार होती. पोरगा गोरखनाथ बायकोला घेऊन जालन्यात राहायचा, तिथं गाडीवर ड्रायव्हर होता. घरात दोघंच. तरी जेवायला बसताना वच्छलाबाई दार लोटून घ्यायची. बाईमाणूस पिते म्हटल्यावर गावानं काय केलं असतं, ते सांगायला नको.

मागच्या पौषात एका संध्याकाळी तिनं पिठल्याला आधण ठेवलं आणि पाहते तर डब्यात मीठ नाही. सांडूनं अर्धं फुलपात्र संपवलं होतं. "जा, पुडा घेऊन या," ती म्हणाली. तो गेला आणि दुकानापुढंच छाती धरून कोसळला. उचलायला धावलेल्यांना तोंडाचा वास आला. झालं! "पिऊन पडलाय, उतरंल थोड्या येळात," असं म्हणून त्याला पारावर निजवला आणि मंडळी आपापल्या कामाला लागली. जल्दी कुणी गाडी आणली असती तर? भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. गाव म्हणालं, दारूनं गेला. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. तो पिणारा नव्हता असं तिनं दहाव्याला सांगून पाहिलं, तर बायका म्हणाल्या, नवऱ्याची बाजू घेणारच की.

भाद्रपदात सांडूचं पहिलं पित्र आलं. खीर, कढी, वडे झाले. भावकी जमली. फोटोला हार घातला आणि गोरखनं खिशातून देशीची क्वार्टर काढून फोटोपुढं ठेवली. "आबाला आवडायची," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. सांडूचा धाकटा भाऊ बद्रीनाथ हात जोडून म्हणाला, "पी दादा, सुखानं पी. आता कोन बोलनार न्हाई."

सगळे मायेनं बोलत होते, आणि तिला तेच सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर ती भांडली असती. नवऱ्याचं नाव आता असंच राहणार होतं, दर वर्षी त्या बाटलीसह. त्याच्या बाजूनं एकच साक्ष उरली होती, आणि ती द्यायची तर स्वतःची अब्रू वेशीवर टांगावी लागणार होती. सून प्रेमला समोर उभी होती. शेजारणी होत्या.

"काढ ती," ती म्हणाली. "त्यांनी असली कधी तोंडाला लावली न्हाई. अंगुराची वाईन करायचे घरी. रातच्याला भाकरीसंगं एक फुलपात्र, बस. अन् मला कसं ठावं म्हनशील, तर दुसरं फुलपात्र माझं असायचं."

कढी वाढणारी बाई पळी तशीच धरून राहिली. प्रेमलानं तोंडाला पदर लावला. बद्रीनाथ हळहळला, "म्हंजे दादानं तुम्हालाबी नादी लावलं व्हतं, वैनी."

नैवेद्य पत्र्यावर गेला, कावळ्यानं तो लगेच उचलला, पंगत जेवून उठली. जाताना शेजारणींनी तिच्या पाठीवरून हात फिरवले, आजारी माणसाच्या फिरवतात तसे. नवऱ्याचं नाव धुवायला गेलेल्या बाईनं त्याच्यावर आणखी एक डाग पाडला होता, आणि तो आता तिलाही पुसता येणार नव्हता.

सांज झाली. प्रेमला पिशव्या घेऊन जीपकडं गेली. वच्छलाबाईनं सवयीनं पिठलं टाकलं होतं. गोरख आत आला, फोटोपुढची क्वार्टर त्यानं उचलली आणि आईच्या हातात दिली.

"माय, मी तुला काय बोलत न्हाई. ह्या वयात सुटत न्हाई, समजतं मला. सरली की फोन कर, मी आनून देत जाईन. फक्त गावात कुनाला मागू नको."

पोरगं मनापासून बोलत होतं. दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या वच्छलाबाईला आता रडू फुटलं. त्याला काय सांगावं? खरं होतं तेवढं सगळं तर ती सांगून बसली होती.

"जेवून जा," ती एवढंच म्हणाली. "पिठलं झालंय."

"न्हाई माय, उशीर व्हतोय. तू जेव."

आणि जाताना गोरखनं बाहेरून दार ओढून घेतलं, आत आई पीत बसलेली कुणाला दिसू नये म्हणून.