सुलक्षणाबाईंचा पायगुण

डॉक्टर सुलक्षणा वाकणकर यांनी इंग्लंडातल्या मेडनहेडजवळच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर माणसं झोपवली आणि परत उठवली. भुलीच्या डॉक्टर त्या. ऑपरेशन टेबलावर काहीही होवो, बाईंचा आवाज चढला किंवा हात थरथरला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. अशा या बाई साठीला टेकलेल्या असताना एका परक्या गावच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये, क्रिस्प्सच्या, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सच्या मशीनशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसल्या होत्या. दाराआड हॉलमध्ये त्यांची मुलगी वरदा बास्केटबॉल खेळत होती. दार हाताच्या अंतरावर होतं आणि तिकीटही लागत नव्हतं, तरी बाई आत जायला तयार नव्हत्या.

कारण ऐकलंत तर हसाल. बाईंचा पायगुण वाईट होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

याची सुरुवात झाली साताऱ्याला. लग्न होऊन बाईंनी सासरी पाऊल टाकलं आणि त्याच आठवड्यात सासरे न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसले. पंगतीत वाढता वाढता एक चुलतसासू शेजारणीला म्हणाली, "नाव तेवढं सुलक्षणा." हळूच म्हणाली, पण नव्या सुनेला ऐकू जाईल इतपतच हळू. त्यात या बायकांचा हातखंडा असतो. बाई तेव्हा डॉक्टर झालेल्या होत्या. फरशीवर साबण होता, सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, यात माझ्या पावलांचा काय संबंध, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते त्यांना पटलंही. पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही. समुद्र ओलांडून ते त्यांच्याबरोबर इंग्लंडात आलं.

मग वरदा युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथल्या मुलींच्या टीममध्ये शिरली. बॉल पुढे आणायचा, कुणी कुठे धावायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. बाई पहिल्या वर्षी रजा काढून मॅच बघायला गेल्या, टीम हरली. पुन्हा गेल्या, पुन्हा हरली. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा वरदा उडी मारून खाली आली ती गुडघ्यावर वेडीवाकडी, आणि तिची किंकाळी बाईंनी पहिल्या रांगेत बसून ऐकली. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशननंतर बाई पोरीच्या उशाशी बसून एवढंच म्हणाल्या, "बास झालं आता हे." आणि स्वतःच्या कानाला खडा लावला, की यापुढे ही खेळत असताना त्या हॉलमध्ये पाऊल म्हणून टाकायचं नाही.

पोरगी कसली ऐकते! वर्षभर व्यायाम करून, गुडघ्याला पट्टा चढवून ती परत उभी राहिली आणि शेवटच्या वर्षी टीमची कॅप्टन झाली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना टीम देशातल्या युनिव्हर्सिट्यांच्या बाद फेरीत पोचली. एक मॅच हरलं की घरी, असला तो प्रकार.

पहिल्या मॅचला बाईंना राहवलं नाही. वरदाचे बाबा, गिरीशराव, रीडिंगच्या ऑफिसातून उठायला तयार नव्हते. क्रिकेट सोडून बाकी सगळ्या खेळांना ते पीटीचा तास समजत. तेव्हा बाई एकट्याच गाडी घेऊन निघाल्या आणि कार पार्कमध्येच बसून राहिल्या. टीम जिंकली. झालं, नियम ठरला. गावापर्यंत यायचं, पण हॉलमध्ये जायचं नाही. भुलीचं औषध थेंबाथेंबाने मोजणारी ही बाई, आणि हा तिचा हिशेब!

पुढची मॅच कार्डिफला होती. पाऊस मी म्हणत होता, म्हणून कार पार्क सोडून त्या कॉरिडॉरमध्ये आल्या. तिथे त्यांना हाईमआजोबा भेटले. टीममधल्या तमारचे हे आजोबा. माझगावात वाढलेले बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, एजवेअरला चष्म्याचं दुकान चालवून आता निवृत्त झालेले. हातात काठी, डोक्याला टोपी. गुडघे आखडले की ते उठून बाहेर फेरी मारायला येत. तमारला मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मराठी बोलायला माणूस मिळाल्यावर आजोबांना कोण आनंद.

"डॉक्टरीणबाई, पोर आत आणि तुम्ही बाहेर? हे काय?"

"आतला आवाज सहन होत नाही मला."

"मग इथे कान लावून काय ऐकताय?"

 आजोबांनी बरोबर पकडलं होतं. बाई कान लावूनच बसल्या होत्या. सगळा जन्म त्यांनी मॉनिटरच्या आवाजावर लक्ष ठेवण्यात काढला होता. मान न वळवता पेशंटचं काय चाललंय ते त्यांना कळायचं. तोच कान आता दाराला लागला होता. बॉल जमिनीवर आपटण्याचे आवाज सुरुवातीला सगळे सारखेच वाटले. मग त्यातला एक वेगळा ऐकू येऊ लागला, ठेंगणा, घाईचा, जमिनीला धरून चाललेला. तो आवाज आला की बाकीच्यांचे बूट चिरकत, कुणीतरी ओरडून हुकूम सोडे, पळापळ होई. ही माझी वरदा, हे बाईंना कुणी न सांगता समजलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ही तीच मुलगी, जिने मेडनहेडच्या घरात ओला टॉवेल कधी जागेवर टाकला नव्हता. इथे तिच्या एका आवाजावर नऊ जणी धावत होत्या, त्यातल्या पाच तर परक्या.

कार्डिफची मॅच जिंकली. मग लीड्सची सेमीफायनल एका पॉइंटने जिंकली, तेव्हा तर बाईंनी क्रिस्प्सच्या मशीनला मिठी मारायची बाकी ठेवली.

त्या दिवशी वरदा आईच्या गाडीतून परत निघाली. पट्टा काढून गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. 

"तमारच्या आजोबांनी सांगितला मला," ती म्हणाली. "तू बाहेर बसते. एव्हरी सिंगल मॅच."

"अगं, मला जरा..."

"इट्स फाइन, आई. तुला वाटते मी सोडायला पाहिजे होता. माझा नी, गुडघा, गेला तेव्हाच. तू तेव्हा बोलली, बास झाला. मला माहीत आहे तुला हे आवडत नाही." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "फायनल माझा लास्ट मॅच आहे. एव्हर. जुलैत जॉब सुरू होणार, मग कोण खेळणार? कॉरिडॉरमध्ये बसायला येणार असली तर नको येऊ."

 पायगुण हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता, पण तो या पोरीला सांगायचा कसा? त्यांना शरम वाटली. आत गेलं तर आपल्या पायाने पोरीची शेवटची मॅच जाणार. नाही गेलं तर पोर जन्मभर समजणार की आईला माझं खेळणं बघवतसुद्धा नव्हतं. 

फायनल शेफील्डला होती. समोर न्यूकॅसलच्या मुली, एकेक ताडमाड. बाई गेल्या, आणि सवयीने कॉरिडॉरमध्येच बसल्या. आत जायचं म्हणून त्या दोनदा उठल्या आणि दोन्ही वेळा दारापासून परत येऊन बसल्या. मध्यंतरात हाईमआजोबा आले तेव्हा मात्र बाईंचा बांध फुटला. साताऱ्याच्या न्हाणीघरापासून सगळं त्यांनी सांगून टाकलं.

आजोबांनी काठीवर हनुवटी टेकवून ऐकून घेतलं. "आत न्यूकॅसलच्या पोरींच्या आया बसल्यात," ते म्हणाले. "घसा फाडून ओरडतायत. त्यांच्या पायांचं काय करायचं? त्याही कुणाच्या ना कुणाच्या घरात सुना म्हणून गेल्याच असतील. का हा गुण फक्त साताऱ्याच्या पायांना?"

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पण त्या उठल्या नाहीत.

"मला स्कोअर सांगू नका," त्या म्हणाल्या. "काही सांगू नका." आजोबा मान हलवत आत गेले.

शेवटचा क्वार्टर सुरू झाला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. ठेंगणा, घाईचा आवाज येत होता. मग बूट चिरकले, काहीतरी जड जमिनीवर आदळलं, शिट्टी वाजली, आणि सगळा हॉल चिडीचूप झाला. ही शांतता बाईंच्या ओळखीची होती. गुडघा, एवढा एकच शब्द त्यांच्या डोक्यात आला. त्या दार ढकलून आत कधी गेल्या ते त्यांनाही कळलं नाही. कसला पायगुण आणि कसलं काय.

वरदा जमिनीवर होती खरी, पण गुडघे टेकून बसली होती. पडली होती ती न्यूकॅसलची एक उंच मुलगी, पोटरीत गोळा येऊन. वरदा दोन्ही हातांनी तिचा पाय धरून पाऊल वर दाबत होती, तिच्याशी काहीतरी बोलत होती. ती मुलगी रडता रडता हसली आणि लंगडत उठली. टाळ्या वाजल्या. वरदा उभी राहिली, वळली, आणि तिला कोर्टाच्या कडेला आई दिसली. पर्स खुर्चीतच राहिलेली, चष्मा कपाळावर. एक क्षणभर दोघी नुसत्या बघत राहिल्या. मग शिट्टी वाजली आणि वरदा पळाली.

आता बाहेर जाणं शक्य नव्हतं. बाई होत्या तिथेच, पहिल्या बाकाच्या कडेला बसल्या. स्कोअरच्या फळ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, कारण त्यांना पोरीवरून नजर काढवेना. इतके दिवस ऐकलं होतं ते सगळं आता समोर चाललं होतं, आणि ते कानांना वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं. वरदा बॉलकडे बघतच नव्हती. बॉल तिच्या हाताखाली आपसूक असल्यासारखा होता आणि तिचे डोळे सगळ्या हॉलवर फिरत होते. डावीकडे बघत ती उजवीकडे पास देई आणि तिथे तमार नेमकी पोचलेली असे. आपल्या दीडपट मुली अंगावर येत असताना ती छातीवर धक्का घेऊन पडली, आणि लगेच उठून उभी राहिली, त्याच गुडघ्यावर. थकलेल्या एकीच्या मानेवर तिने जाता जाता हात ठेवला, ती पोरगी ताठ झाली. बाई तोंडात बोट घालून बघत होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी मोठमोठे सर्जन पाहिले होते. इतक्या धांदलीत इतकं स्थिर माणूस त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. हे आपल्या पोटी आलं कुठून, असं त्यांना वाटलं, आणि त्या उघडउघड, लोकांदेखत रडू लागल्या.

शेवटी बॉल वरदाकडे आला. तिने लांबून उडी घेतली, शॉट मारला. बॉलने रिंगवर एक फेरी मारली आणि तो बाहेर पडला. भोंगा वाजला. समोरच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा फळ्याकडे पाहिलं. टीम दोन पॉइंटनी हरली होती.

मनातली पाल चुकचुकली. आले आणि घालवलं.

वरदा कोर्टावर फतकल मारून बसली होती. बाई तिच्याजवळ गेल्या, साठीच्या गुडघ्यांनी कशाबशा खाली बसल्या, आणि यावेळी त्यांनी सगळं सांगितलं.

"पाय-काय?" वरदा म्हणाली. बाईंनी पुन्हा समजावलं. वरदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू आत आली की आम्ही हरणार, यू ॲक्च्युअली थॉट दॅट? म्हणून तू बाहेर होती? नीमुळे नाही? माझ्यावर चिडली नव्हती?"

"तुझ्यावर कशाला चिडेन मी, वेडे?"

वरदा हसली. मग तिचा चेहरा बदलला, तिला चक्क राग आला. "नो. आई, ऐक. तमार ओपन होती. मी तिला पास नाही दिला, मी शॉट घेतला. मी मिस केला. ते माझा आहे. तुझ्या पायाला देऊ नको. आणि तू आली तेव्हा आम्ही चौदा पॉइंट मागे होतो. ते परत आणला, ते पण आमचा आहे."

 इतक्या वर्षांत बाईंची समजूत घालणारे पुष्कळ भेटले असते, त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर. पण ते ओझं आपलं म्हणून त्यांच्या हातातून हिसकावून घेणारं हे पहिलंच माणूस होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि या पोरीची थोडी भीतीही वाटली.

"तू बघितला ना पण?" वरदाने विचारलं.

"बघितलं. तू त्या मुलीचा पाय धरून बसली होतीस, तिथपासून."

"मग सांग." वरदा आईच्या खांद्याला टेकली. घामाने निथळत होती. "मी खेळते तेव्हा मला मी दिसत नाही. कशी असते मी?"

पलीकडे कप दिला जात होता, फोटो निघत होते. सुलक्षणाबाईंनी चष्मा पुसला आणि त्या पहिल्यापासून सांगू लागल्या. वरदा डोळे मिटून ऐकत होती. मध्येच बाई थांबल्या की ती म्हणे, "मग?"