न ओढलेल्या सिगारेटी

आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढलेल्या बाईकडे सिगारेटचे किस्से असून असून किती असणार, असं मलाही वाटायचं. पण वसई पूर्वेच्या आमच्या सोसायटीत आल्यापासून मी काहीही न करता ते जमत गेले. ओढणाऱ्याला निदान ओढल्याचं समाधान असतं. आमच्यासारख्यांच्या वाट्याला किस्से येतात. आणि खोकला, तो वेगळा!

*

सुरुवात घरातूनच. माझे सासरे, आबा, जन्मभर उमेळ्याला राहिले. केळीची बाग, मागे विहीर. वाडीत बसून विडी ओढायचे तेव्हा धूर कुठे जातो हे कोणी बघितलंही नाही. केळी काही तक्रार घेऊन आल्या नाहीत. मग वाडीच्या जागी बिल्डिंग उभी राहिली आणि आबा आमच्या वन बीएचकेत आले.

आबा फार समजूतदार. घरात विडी ओढायची नाही, गॅलरीत ओढायची, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पण संध्याकाळी गॅलरीत डास चावायचे, म्हणून खुर्ची दाराच्या आत आली. उघड्या दारातून डास आत यायचे, म्हणून दार लागलं. म्हणजे आबा गॅलरीतच ओढत होते, फक्त गॅलरी हॉलमध्ये आली होती.

मी एकदा हळूच म्हटलं, की आबा, उमेळ्याला विडीचा एवढा वास यायचा नाही.

"विडी तीच आहे गं," आबा म्हणाले. "घर लहान झालंय."

मी पंखा लावला. त्यामुळे धूर बेडरूममध्येही जायला लागला.

*

ऑफिसात निदान सुटका होईल, असं वाटलं होतं. मी स्टेशनजवळच्या एका छोट्या खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. आमचे साहेब नियमाचे पक्के. भिंतीवर 'धूम्रपान करू नये' असा बोर्ड त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतलाय.

त्यामुळे साहेब सिगारेट ऑफिसात ओढत नाहीत. दारात ओढतात. माझं टेबल दाराला लागून. सिगारेटचा हात बाहेर पॅसेजमध्ये आणि बाकीचे साहेब आत, कारण त्यांना मला जीएसटीबद्दल काहीतरी सांगायचं असतं. झुरका घ्यायला मान बाहेर जाते. सोडायच्या वेळी मान आत येते, कारण वाक्य अर्धवट राहिलेलं असतं.

एकदा खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी विचारलं, सर, दार लावून घेऊ का? साहेब दुखावले.

"मॅडम, सिगारेट बाहेर आहे," ते म्हणाले.

खरंच बाहेर होती. धूर कुठे असावा, याबद्दल बोर्डावर काही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी मी टेबल बदलून मागितलं. साहेब मनाने मोठे. त्याच दिवशी त्यांनी माझं टेबल खिडकीशी हलवलं, छान हवेशीर. खिडकीखाली पानटपरी आहे.

*

खोकला जाईना, तेव्हा हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे म्हणजे माझे मिस्टर. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि ह्यांना म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसता का? मुलीचं लग्न व्हायचंय, आबांचं सगळं मीच बघते, आणि आता हे काय निघालं असेल?

दार लागल्यावर डॉक्टरांनी आवाज खाली आणला. हल्ली लेडीजही ओढतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण माझ्यापासून लपवू नका, असं म्हणून विचारलं, "दिवसाला किती होतात?"

मी म्हटलं, एकही नाही. मग मिस्टर ओढत असतील. नाही, त्यांना सुपारीनेही ठसका लागतो. मग घरात कोण? सासरे. आणि ऑफिसात? साहेब. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं, की हा सगळा दुसऱ्यांचा धूर तुमच्या छातीत जातोय. धूर थांबल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. तेव्हा संकोच सोडा आणि दोघांनाही स्पष्ट सांगा.

"सासऱ्यांना आणि साहेबांना?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पेन उचललं.

"पंप लिहून देतो," म्हणाले.

*

तो पंप तोंडात धरून मी श्वास ओढत होते, तेव्हा आबा समोर बसले होते. रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, की हिला हे कशानं झालं? ह्यांनी ताटातली भेंडी फार लक्ष देऊन खायला घेतली. वडिलांशी बोलताना ह्यांना भेंडीचा नेहमीच फार आधार असतो.

मग आबांनी मला विचारलं, "माझ्या धुरानं का?"

मी हो म्हटलं. कसं म्हटलं, मलाच कळलं नाही.

त्यानंतर घरात विडी पेटली नाही. गुडघे दुखत असले, लिफ्ट बंद असली, तरी आबा काठी घेऊन जिना उतरायचे. एकेक पायरी. मी गॅलरीत उभी राहून ते खाली दिसेपर्यंत वाट बघायचे.

पहिल्या मजल्यावरच्या सामंत वहिनींनाही फार वाईट वाटलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एका विडीसाठी खाली पाठवतात, आजकालच्या सुना म्हणजे, असं त्या लिफ्टपाशी कोणाला तरी सांगत होत्या. मी पन्नाशीची आहे. 'आजकालची' म्हटल्याबद्दल मात्र बरं वाटलं.

*

खाली आबांना भरपूर सोबत होती. जिन्यात ओढणारे, पार्किंगमध्ये ओढणारे, सगळ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा सेक्रेटरी लोपीस अंकलनी मीटिंग लावली. ओढणाऱ्यांसाठी एक जागा ठरवायची होती. टेरेस? तिथे वॉटरप्रूफिंग चाललंय. पार्किंग? तिथे सीएनजीच्या गाड्या. गेटबाहेर जा म्हटलं, तर मंडळी उसळली, की फ्लॅट विकत घेऊन आता रस्त्यावर उभं राहायचं का?

उरले बागेतले बाक, घसरगुंडीच्या बाजूचे. आया म्हणाल्या, अहो, तिथे मुलं खेळतात.

लोपीस अंकल न्यायी माणूस. दोन्ही बाजू त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि तोडगा काढला. मुलांची खेळायची वेळ बदलण्यात आली.

आबा मात्र दुसऱ्या दिवसापासून गेटबाहेर, नारळवाल्याच्या स्टुलावर बसायला लागले. पोरांच्या तोंडावर धूर नको, म्हणाले. फ्लॅट त्यांच्या नावावर नाही, म्हणून जमलं असेल!

*

एवढं सगळं होऊन घरात सिगारेटचा वास येतच राहिला. तोही सकाळी, बाथरूममध्ये. विडीचा नव्हे, सिगारेटचा. मी नाक लावून शोध घेतला. वास डक्टच्या खिडकीतून येत होता, खालून. खाली नीलेश आणि प्राची राहतात. नीलेश इंजिनिअर, प्राची बाळंतपणाच्या रजेवर, बाळ अजून मानही धरत नव्हतं. बाळासाठी तरी बोलायला हवं, म्हणून मी धीर करून खाली गेले आणि बेल वाजवली.

प्राचीने दार उघडलं. खांद्यावर बाळ. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, की काकू, बरं झालं तुम्हीच आलात, मी वर येणारच होते. तिचे डोळे भरून आले होते. रोज सकाळी बाथरूममध्ये सिगारेटचा वास येतो, बाळाला शिंका येतात, तिला फार भीती वाटते. आजोबांचं वय झालंय, त्यांचा राग नाही, पण त्यांना बाथरूममध्ये ओढू नका एवढं सांगाल का?

मी विचारलं, धूर वरून खाली कसा येईल गं?

"नीलेशने समजावलं मला," ती म्हणाली. "थंड झाला की जड होतो आणि डक्टमधून खाली बसतो."

तेवढ्यात नीलेश बाथरूममधून बाहेर आला. गळ्यात टॉवेल, तोंडात ब्रश. मला पाहून जागीच थांबला.

मी प्राचीला सांगितलं, की आबा तर गेल्या आठवड्यापासून होळी गावात माझ्या नणंदेकडे आहेत.

प्राचीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. नीलेशने सावकाश तोंडातला ब्रश काढला.

"मग काका असतील," तो म्हणाला.