इच्छा नसलेला एकच माणूस

लष्करी इस्पितळाच्या औषधखिडकीमागे बसणाऱ्या फार्मासिस्टचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीतून पिशवी सरकवायची आणि "पुढचे!" म्हणायचं, एवढंच त्यांचं संभाषण. म्हणून जवान त्यांना पुढचेसाहेब म्हणत. घरी बायको वैतागायची, "अहो, माझ्याशी तरी दोन शब्द बोला. माझ्यामागे रांग नाहीये."

मग वरून नवी योजना आली. फार्मासिस्टने नुसत्या गोळ्या द्यायच्या नाहीत. रुग्णाला समोर बसवून तो औषध कसं घेतो ते विचारायचं आणि काही गडबड दिसली तर डॉक्टरांशी बोलायचं. काम स्वेच्छेचं होतं. त्यामुळे इस्पितळाच्या प्रमुखांनी, कर्नलसाहेबांनी, सगळ्यांना उभं करून बजावलं, "कुणावरही सक्ती नाही. मात्र शुक्रवारपर्यंत सगळ्यांची इच्छा झालेली असली पाहिजे."

गुरुवारीच झाली. ज्याने आयुष्यात रुग्ण पाहिला नव्हता, त्या भांडारातल्या कारकुनाचीसुद्धा झाली. पुढचेसाहेब तेवढे म्हणाले, "साहेब, माझी इच्छा नाही."

"का?"

"समोर वरच्या हुद्द्याचा माणूस बसला, तर त्याला तुमचं चुकतंय म्हणून कसं सांगायचं? मला जमणार नाही."

"मला तर आत्ता तोंडावर सांगितलंत," कर्नल म्हणाले.

सोमवारपासून रुग्णांशी बोलायची खोली पुढचेसाहेबांच्या गळ्यात पडली. बाकीचे इच्छुक सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागले.

खोली म्हणजे बँडेज ठेवायची जुनी कोठी. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी नाही. पहिला आठवडा फुकट गेला, कारण फौजेतला माणूस तक्रार करत नाही.

"औषध घेता?"

"होय साहेब!"

"रोज?"

"रोज साहेब!"

सगळी पलटण ठणठणीत. ब्लडप्रेशर तेवढं कुणाचं खाली यायला तयार नाही.

एक दिवस फाटकावरचा पहारेकरी आला. त्याला ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी होती आणि मेजर डॉक्टरांनी तिचा डोस दोनदा वाढवला होता. त्याचीही तीच उत्तरं. पुढचेसाहेबांनी कंटाळून विचारलं, "पहाऱ्यावर असताना लघवीला कुठे जाता हो?"

पहारेकऱ्याला हसूच फुटलं. "कुठे जाणार साहेब? बदली माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नाही. म्हणून ड्यूटी असली की गोळी घेत नाही."

"आणि ड्यूटी कधी असते?"

"रोजच."

आता मेजरना सांगणं आलं.  मेजरच्या टेबलासमोर सावधान उभं राहून पुढचेसाहेबांनी एका दमात सगळं सांगितलं. मेजर योजनेसाठी शंभर टक्के इच्छुक होते. तरी त्यांचा चेहरा आंबट झाला. "म्हणजे मी उगाच डोस वाढवत होतो?"

"साहेब, गोळी संध्याकाळी दिली तर?"

"आणि त्याला रात्रपाळी लागली की?"

हे पुढचेसाहेबांना सुचलंच नव्हतं.   मेजरनी हाताने खुर्चीकडे खूण केली. "बसा. दुसरं काही आहे का बघू."

दोघांनी मिळून औषधच बदललं. महिन्याभरात पहारेकऱ्याचं प्रेशर उतरलं. मग मेजर एकेक रुग्ण स्वतःहून कोठीकडे पाठवू लागले, आणि वर "तो माणूस फार वेळ खातो" म्हणून कुरकुरही करू लागले. पुढचेसाहेब मात्र भेटेल त्याला सांगत, "मला हे काम अजिबात आवडत नाही."

परवा पहारेकरी सासूबाईंना घेऊन आला. त्यांनी भली मोठी पिशवी टेबलावर पालथी केली. अर्ध्या पट्ट्या, चिकटलेल्या बाटल्या, शेजारणीने दिलेल्या गोळ्या.

"घरात होतं ते सगळं आणलंय," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, मला ऐकायला कमी येतं."

पुढचेसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा पुसला आणि मोठ्या आवाजात पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली.