मैलूरच्या फाटकाशी

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर लेकीला घेऊन मी पुन्हा मैलूरला गेले. लेकीला ऐकू येतं, समजतंही; बोलणं तेवढं फुटत नाही. आमच्या मन्नाएखेळ्ळीहून बीदरची बस, पुढं मैलूरपर्यंत रिक्षा, आणि मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं घर. सुट्टीआधी ती रिक्षातून उतरली की पळतच आत जायची. त्या दिवशी तिनं फाटकाचा गज धरला तो सोडेचना.

बाई बाहेर आल्या. "काय झालं अक्का? कामून रडायली?"

"काय की. सकाळी तर स्वतःच चपला घालून दारात उभी होती."

लेक व्हरांड्यातल्या बाकाकडं बोट दाखवत होती. मग माझ्या ध्यानात आलं. तिथं चिटगुप्प्याची एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसायची. तिची मुलगीही बोलत नव्हती. दोघी पोरी खडे मांडून खेळायच्या. आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो. सुट्टीत तिच्या नवऱ्याला हैदराबादला काम लागलं आणि ते सगळेच तिकडं गेले. लेकीला मी सांगितलं होतं. पण हैदराबाद म्हणजे काय, हे तिला कसं कळावं?

"आज आत न्हाई न्यायचं," बाई म्हणाल्या आणि फाटकाशीच खाली बसल्या. साबणाचे फुगे उडवत राहिल्या. लेक रडत रडत बघत होती. पुढच्या खेपेला व्हरांड्यापर्यंत आली, त्याच्या पुढच्या खेपेला उंबऱ्यापर्यंत.

घरी हे कुणाला सांगावं? नवरा लॉरीवर, महिना महिना बाहेर. सासूबाई म्हणायच्या, "कामून येवढ्या लांब जायलीस? बोलायचं आसल तर बोलंल की." आमच्या गल्लीत अशी पोर दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग एके दिवशी लेकीनं आपण होऊन बाईंचा हात धरला. दार लागलं. मी बाहेर एकटीच उरले. राहवेना, म्हणून चिटगुप्प्याच्या त्या बाईला फोन लावला.

"तुझी शिकायली का तिकडं?" मी विचारलं.

"न्हाई गं, अजून शिकवणीला जागाच मिळंना. दिवसभर खिडकीत बसायली." मग तिनं विचारलं, "तुझी?"

"आत गेली आज."

"व्हय? बरं झालं."

फोन ठेवून मी त्याच बाकावर बसले आणि डबा उघडला.